अल्टोला सोलापुरी चादर

आमची अल्टो 800 2014 ची, सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकाने आत काळ्या रेक्झीनची कव्हरं बसवली होती. सोलापूरचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना पुढचं सांगायला नको. पार्क चौकात तासभर उन्हात उभी राहिलेली गाडी, आणि तिच्यात सासूबाई बसायच्या म्हणजे आधी ओला टॉवेल अंथरायचा. तरी "भाजलं गं" हे ठरलेलंच.

ऍक्सेसरीजच्या दुकानात गेलो तर दुकानदाराने पहिल्यांदा स्पॉयलर दाखवला, म्हणजे गाडीच्या मागे शोभेला लावायचा पंखा. मग क्रोमच्या पट्ट्या, मग दाराच्या हँडलची चमकी. म्हणजे शेजाऱ्याला दिसेल ते आधी, आत बसणाऱ्याचं नंतर. मी तिथून उठले आणि क्रम उलटा लावला. अंगाला लागतं ते पहिलं, कानाला लागतं ते दुसरं, डोळ्याचं शेवटी. बावीस वर्षं लोकांचे कपडे शिवतेय, गाडीचे का नाही शिवायचे?

कापडासाठी लांब जावं लागलं नाही. सोलापुरी चादर सुती, जाड, घाम शोषणारी, आणि नक्षी दोन्ही अंगांनी असते, फक्त रंग उलटे. गडद अंग वर ठेवलं की मळ दिसत नाही. मी तीन सिंगल चादरी आणल्या. काटेकोर कापलं तर पुढच्या दोन सीटना एक आणि मागच्या बाकड्याला एक पुरते. तिसरी नक्षी जुळवायला आणि चुका निस्तरायला. पहिल्यांदा करणाऱ्याने तिसरी आणावीच.

आधी चादर धुवा. कोरी कापलीत तर पहिल्या धुण्यात कव्हर आटेल आणि पुन्हा सीटवर चढायचं नाही. मी रात्रभर पाण्यात भिजवली, दोनदा धुतली, कडक उन्हात वाळवली. मग ओल्या पांढऱ्या फडक्याने जोरात घासून पाहिलं. फडक्याला रंग लागला तर तिसऱ्यांदा धुवा, नाहीतर तो रंग पाहुण्यांच्या धोतराला लागेल.

फर्मा, म्हणजे कापायचा नमुना, वर्तमानपत्राचा. सीटचा प्रत्येक भाग वेगळा धरा: पाठीचा पुढचा भाग, मागचा भाग, बैठक, आणि दोन्हीच्या बाजूच्या पट्ट्या. कागद सीटवर दाबून टाचण्या लावायच्या आणि मूळ कव्हरची शिवण बोटाने चाचपत खडूने रेघ ओढायची. अल्टोच्या पुढच्या सीटला डोकं टेकायची उशी वेगळी निघत नाही, पाठीतच एकजीव आहे. त्यामुळे पाठीचं कव्हर उशीच्या अभ्र्यासारखं वरून घालता येतं, सोपं जातं. चहूबाजूंनी अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीसाठी जादा कापड, ठेवा. खालच्या कडेला दोन इंच, नाडीसाठी.

सोलापुरी चादर कापली की कडेचं सूत भराभर निघतं. म्हणून सगळे तुकडे कापून ढीग लावू नका. एक तुकडा कापला की लगेच ओव्हरलॉक (कडेचं सूत सुटू नये म्हणून कडेवर मारायची गुंफण), मग दुसरा. रोजची चौदा नंबरची सुई इथे चालत नाही, अठरा नंबरची घाला. दोरा जाड पॉलिएस्टरचा, कारण काचेतून येणाऱ्या उन्हाने सुती दोरा लवकर कुजतो. टाका मोठा ठेवा, इंचाला सात-आठ. बैठकीच्या तुकड्याखाली मी 6 मिलिमीटरचा फोम आणि मांजरपाटाचं अस्तर घालून उभ्या रेषांत टिपा मारल्या. रेषा चादरीच्या नक्षीवरूनच नेल्या, त्यामुळे टिपा दिसतही नाहीत. कडेला पायपिंग, म्हणजे शिवणीत घालायची बारीक गोल पट्टी, घातलं की कव्हर घरी शिवलेलं वाटत नाही. पायपिंगसाठी मरून रंगाचं सुती कापड तिरकं कापून वापरलं.

पहिलं कव्हर चढवलं आणि फजिती झाली. बेल्टचं बक्कल आत गाडलं गेलं, पाठ मागे करायचा खटकाही झाकला गेला. यांनी ब्रेक दाबला की कव्हर बैठकीवरून सरकून पुढे यायचं ते वेगळंच. उकललं आणि पुन्हा केलं. बक्कल आणि खटका येतो तिथे फर्म्यावरच खूण करून कापडाला चीर ठेवा, चिरेच्या कडांना पट्टी लावा. सरकण्याचा इलाज असा: बैठकीच्या मागच्या कडेला सहा इंचांची जीभ शिवायची, तिच्या टोकाला बोगदा ठेवून त्यात अर्ध्या इंचाच्या पीव्हीसी पाइपचा सीटएवढा तुकडा घालायचा, आणि ती जीभ पाठ आणि बैठक यांच्यामधल्या फटीतून मागे ढकलायची. पाइप पलीकडे आडवा अडकतो आणि कव्हर जागचं हलत नाही. पुढच्या बाजूला सीटखालून इलास्टिक. सीट मागेपुढे सरकवून बघा, इलास्टिक रुळात येता कामा नये.

तुमची गाडी नवी असेल तर आधी सीटची बाहेरची कड पाहा. तिथे एअरबॅगचं लेबल असेल तर असलं सगळीकडून बंद कव्हर शिवू नका. ती एअरबॅग सीटची कड फाडून बाहेर येते, तिच्या वाटेत चादर नको.

सासूबाईंच्या कंबरेसाठी एक तक्का केला. दोन इंच जाडीचा कडक फोम, बारा बाय आठ इंच. कापूस भरू नका, आठवड्यात चपटा होतो. तक्का पाठीला नव्हे, कंबरेच्या खोलगट भागाला लागला पाहिजे, आणि ती जागा प्रत्येकाची वेगळी. म्हणून कव्हरला उभी वेल्क्रो लावली, तक्का वरखाली करता येतो. पंढरपूरला जाऊन आल्यावर सासूबाई काही बोलल्या नाहीत. आमच्याकडे याला पसंती म्हणतात.

आता कानाचं. छोट्या गाडीचं दार बंद केलं की पत्र्याच्या डब्याचं झाकण लावल्यासारखा आवाज येतो, कारण पत्रा पातळ आणि मोकळा. त्यावर ब्युटिल रबराची डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर दाबणारी) चिकटवतात, एका बाजूला अॅल्युमिनियम आणि दुसऱ्या बाजूला डांबरासारखी चिकट काळी. 2 मिलिमीटरची घ्या. पूर्ण पत्रा झाकायची गरज नाही, पाव भाग झाकला तरी पुरतं.

काच पूर्ण वर करा आणि दाराचं आतल्या बाजूचं पॅड काढा. मागच्या दारांना काच फिरवायचं हँडल आहे, ते कसं निघतं यावर आमच्या घरात दुपारभर वाद झाला. स्क्रू दिसतच नाही. हँडलच्या मागे एक तारेची क्लिप असते. हँडल आणि पॅडच्या फटीत जुनी ओढणी घालायची आणि बूट पुसतात तशी दोन्ही टोकं धरून मागेपुढे ओढायची. क्लिप टप्पकन उडते. कुठे उडते ते बघायला एक माणूस बसवा, आमची कपाटाखाली सापडली. मग दार ओढायच्या मुठीमागचे स्क्रू काढा आणि पॅडच्या कडेने लाकडी उलथनं घालून एकेक खुंटी सोडवा. खुंट्या प्लॅस्टिकच्या असतात, दोन-तीन तुटणारच, आधीच पाच-सहा जादा आणून ठेवा.

पॅडखाली पातळ प्लॅस्टिक चिकटवलेलं दिसेल. ते फाडून फेकू नका. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात उतरतंच, ते आत येऊ नये म्हणून ते प्लॅस्टिक असतं. अलगद अर्धं सोडवा, काम झालं की पुन्हा चिकटवा. आता भोकांतून हात घालून बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या अंगावर शीट लावायची. जागा थिनरच्या फडक्याने पुसा (दारं उघडी, जवळपास काडी-बिडी नको), शीट लावा, आणि लाकडी रोलरने अॅल्युमिनियमवरची नक्षी सपाट होईपर्यंत घासा. दाराच्या तळाला पाणी जायची छोटी भोकं असतात. ती झाकलीत तर दार आतून गंजेल. पॅड लावण्याआधी हँडल तात्पुरतं बसवून काच खाली-वर करून पाहा, शीटला घासत तर नाही ना. बाहेरून पत्र्यावर बोटाने टकटक केलं की फरक कळतो: आधी "टण्ण", आता "ठक्". मुलगा दिवसभर येताजाता ठोकत होता.

डोळ्याच्या कामात सगळ्यात जास्त फळ हेडलाइटने दिलं. काच पिवळी पडली होती. ती काच नसून प्लॅस्टिक असतं आणि उन्हाने वरचा थर खराब होतो. कडेने मास्किंग टेप लावा. मग पाण्याचा पॉलिश पेपर: 800, 1000, 1500, 2000, याच क्रमाने, सतत पाणी मारत. 800 ने ती दुधासारखी पांढरी होते, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. घाबरू नका, 2000 नंतर रबिंग कंपाउंडने घासली की आरपार दिसते. शेवटी यूव्ही रोखणारा क्लिअर लॅकर मारायचाच. तो गाळला तर काही महिन्यांत पुन्हा पिवळी. टूथपेस्टने घासतात तो चार दिवसांचा खेळ आहे.

मुलाने पायाशी निळी एलईडी पट्टी लावली आणि डॅशबोर्डखालची हाताला लागली ती वायर जोडली. दुसऱ्या दिवशी फ्यूज गेला. मग त्याने रीतसर केलं: 10 नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडवली, आणि पट्टीच्या वायरला स्वतंत्र 2 अँपिअरचा फ्यूज घातला. मला तो निळा उजेड आवडत नाही. पण पाय कुठे ठेवायचा ते सासूबाईंना दिसतं, म्हणून राहू दिला.

काळी फिल्म लावू नका, सर्वोच्च न्यायालयाने 2012 सालीच काचेवरच्या फिल्मना मनाई केली. उन्हासाठी मी पुढच्या काचेचा फर्मा काढून चंदेरी फोमचा पडदा शिवला, तो गाडी उभी असतानाच लावायचा. पुढचं लोखंडी क्रॅश गार्डही नको, केंद्राने डिसेंबर 2017 मध्ये त्यावर कारवाई करायला राज्यांना कळवलं होतं. रंग बदलायचा असेल तर आरसी बुकात नोंद आधी. स्टिअरिंगचं कव्हर नुसतं ओढून बसवायचं घेऊ नका, हातात फिरतं. दोऱ्याने ओवून घट्ट शिवायचं मिळतं ते घ्या. आणि खाली गाडीच्या तळाला पूर्ण झाकणारं ते 7डी मॅट होतं, ते आम्ही काढून टाकलं. पहिल्याच पावसाळ्यात त्याच्याखाली पाणी मुरून कुबट वास आला होता. आता काथ्याची पायपुसणी कापून टाकली आहेत, ड्रायव्हरकडची हुकाला बांधून, म्हणजे ती पेडलखाली जात नाही.

कव्हरं महिन्यातून एकदा धुते. वाळेपर्यंत गाडी उघडी राहते म्हणून दुसरा जोड शिवायला घेतलाय, हिरवा, मोराच्या नक्षीचा. मागच्या बाकड्याचं पायपिंग तेवढं राहिलंय.