तळोज्याच्या शॉपमध्ये बीम शिकताना

आयटीआय किंवा डिप्लोमा करून तळोजा एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये येणाऱ्या पोरांचं सगळं लक्ष वेल्डिंगकडे. माझं ऐकाल तर आधी फिटरच्या, म्हणजे वेल्डिंगआधी भाग जुळवून सरळ बसवणाऱ्याच्या, हाताखाली राहा. वेल्डिंगची सरळ शिवण मशीनही मारतं. बीम सरळ ठेवायला माणूस लागतो.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात दिसतात ते बहुतेक रोल केलेले, म्हणजे कारखान्यातून अखंड लाटून आलेले बीम. बीमच्या वरच्या-खालच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्लँज, मधली उभी पट्टी म्हणजे वेब. त्यातले दोन प्रकार: आयएसएमबीचे फ्लँज आतून उतरते, एनपीबीचे समांतर. त्यांची मापं ठरलेली. वेगळं माप हवं, किंवा पीईबी शेडसारखी (भाग आधी शॉपमध्ये बनवून जागेवर जोडतात ती शेड) एका टोकाला उंची जास्त आणि दुसऱ्याला कमी हवी, तर प्लेटा कापून जोडायच्या. हा बिल्ट-अप.

प्लेटच्या पट्ट्या कापतानाच खेळ सुरू होतो. गॅसची ज्योत एकाच कडेला लागली तर पट्टी केळ्यासारखी वाकते, म्हणून दोन्ही कडा एकदम कापतात. मग वेब फ्लँजच्या मधोमध उभा करून काटकोन बघायला गुण्या लावायचा आणि टॅक, म्हणजे तात्पुरते छोटे टाके, मारायचे. पुढे सब-आर्क वेल्डिंग: विजेचा आर्क फ्लक्सच्या, म्हणजे दाणेदार पावडरीच्या, थराखाली झाकलेला, डोळ्यांना काहीच दिसत नाही. पावसाळ्यात तळोज्याची हवा दमट; ओल्या फ्लक्समुळे शिवणीत छिद्रं पडतात, भेगाही जातात. फ्लक्स भट्टीत तापवला का, हे विचारायला लाजू नका.

शिवण थंड होताना आकसते आणि फ्लँजच्या कडा वेबकडे झुकतात. त्या स्ट्रेटनिंग मशीनच्या रोलरखाली सपाट होतात. एकाच फ्लँजच्या शिवणी आधी उरकल्या तर अख्खा बीम धनुष्य होतो, म्हणून शिवणींचा क्रम पाळायचा. तरी वाक राहिलाच, तर फुगीर बाजूला गॅसने नेमून तापवतात, पण साध्या पोलादाला 650 अंशांच्या वर नेत नाहीत. ही कला जुन्या फिटरकडेच. तो फार बोलणार नाही, तुम्ही बघत राहा.

आता आकार. वाक सोसायला लोखंड मध्यापासून दूर हवं, म्हणून आय बीमची उंची जास्त, वेब पातळ. खांबाला कुठल्याही बाजूने वाकून चालत नाही; त्याला रुंद फ्लँजचा एच. पीळ पडणार असेल तर चार प्लेटांचा बॉक्स. कॅस्टेलेटेड बीम मला सगळ्यात हुशार वाटतो: रोल केलेल्या बीमचा वेब नागमोडी कापायचा, अर्धे भाग सरकवून पुन्हा जोडायचे. तेवढ्याच लोखंडात उंची वाढते आणि भोकांतून पाइपही जातात.

वजन तोंडी काढायची सवय लावा. रुंदी आणि जाडी मिलिमीटरमध्ये घेऊन गुणा, त्याला 0.00785 ने गुणा, की मीटरमागे किलो. 300 बाय 12 चा फ्लँज मीटरला सुमारे 28 किलो. 12 मीटरची पट्टी जवळपास 340. क्रेनला पट्टा लावण्याआधी हा आकडा डोक्यात हवा.