उसण नाही, नस आहे: कंबरेची चकती सरकल्यावर काय करायचं

नागपुरात कूलर निघाले की माझ्या फिजिओथेरपीच्या खोलीत कंबर धरून माणसं यायला लागतात. भरलेली बादली वाकून उचलायची आणि तशीच पिळा देऊन टाकीत ओतायची. दोन मणक्यांमधली गादी, म्हणजे चकती (डिस्क), सरकायला तेवढं पुरतं. पाइप लावा हो, स्वस्त पडतो!

उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खायची, ही आपली जुनी रीत. पण कळ कुल्ल्यातून पोटरीत, पावलात उतरत असेल तर सरकलेल्या चकतीने नस दबलेली असण्याची शक्यता जास्त. तिथे लाथ नको, मालिशवाल्याचा झटकाही नको.

"मॅडम, पाय बधिर होऊन राहिला, किती दिवस पडून राहू?" एक-दोन दिवस, बस. मग घरातच थोडं थोडं चाला, एका जागी फार वेळ बसू नका. बहुतेकांचं दुखणं 6 ते 12 आठवड्यांत ऑपरेशनशिवाय उतरतं. चकतीचा बाहेर आलेला तुकडा शरीर बरेचदा स्वतःच जिरवतं. म्हणून पहिल्याच दिवशी एमआरआयची घाई नको.

पलंगावरून सरळ उठू नका. कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताने रेटा देऊन बसते व्हा. शिंक आली तर भिंत धरा.

व्यायाम एकच सांगते. पालथं झोपा, कोपरांवर छाती उचला, कंबर सैल सोडा. जमलं की तळहातांवर. 10 वेळा, दिवसातून तीन-चारदा. करताना कळ कुठे जाते ते बघा. पोटरीतून वर सरकून कंबरेत गोळा झाली तर उत्तम, मग कंबर थोडी जास्त ठणकली तरी चालेल. पावलाकडे उतरायला लागली की थांबा आणि दाखवायला या. साठीपुढच्या काका-काकूंना हा व्यायाम कधी कधी उलटाच पडतो. त्यांनी आधी विचारावं.

कंबरेचा पट्टा प्रवासापुरता. दुखणं थांबवायच्या गोळ्या बीपी, किडनी किंवा अॅसिडिटीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

लघवी अडली, तिच्यावर ताबा राहिला नाही, बसायची जागा बधिर झाली, किंवा पाऊल उचलेना आणि चप्पल निसटायला लागली, तर माझ्याकडे येऊच नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी रिक्षा करून मेडिकलची, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याची, कॅज्युअल्टी गाठा.