आल्याचं टिश्यू कल्चर: बाटलीआधीचं काम

टिश्यू कल्चरच्या, म्हणजे निर्जंतुक बाटलीत झाडाच्या छोट्या तुकड्यापासून रोपं वाढवण्याच्या लॅबमध्ये नवीन आलेलं कुणीही आधी विचारतं, "बीएपी (फुटवे आणणारं संप्रेरक) किती घालायचं?" मीही तेच विचारलं होतं. आल्यापुरतं उत्तर सोपं आहे. एमएस मीडिया (रोपाला लागणाऱ्या क्षारांचं ठरलेलं पोषक माध्यम), लिटरला ३० ग्रॅम साखर, २ ते ३ मिलिग्रॅम बीएपी, जोडीला थोडं एनएए (मुळांना चालना देणारं संप्रेरक), पीएच ५.८. एवढ्यावर फुटवे येतात आणि बहुतेकदा त्याच बाटलीत मुळंही धरतात.

खरा कस लागतो तो कोंब स्वच्छ करताना. आल्याचा डोळा मातीतच वाढलेला असतो. माझी पहिली बॅच मी शेतातल्या कंदांचे डोळे थेट कापून लावली. मर्क्युरिक क्लोराइड या जंतुनाशकात दहा मिनिटं ठेवले, चार वेळा धुतले. दोन आठवडे बाटल्या काचेसारख्या नितळ. तिसऱ्या आठवड्यात कोंबांच्या बुडाशी दुधाळ वलय दिसू लागलं, धूर पसरावा तसं. बॅक्टेरिया कंदाच्या आत होते, वरच्या धुण्याचा त्यांना काही उपयोग नव्हता. सगळी बॅच ऑटोक्लेव्ह करून (दाबाच्या वाफेत जंतू मारून) टाकली. दोन दिवस जेवण गेलं नाही.

तेव्हापासून निरोगी कंद बुरशीनाशकात बुडवून निर्जंतुक ओल्या वाळूवर ठेवते. कोंब सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा झाला की घ्यायचा. निर्जंतुकीकरण झाल्यावर लॅमिनारमध्ये (गाळलेल्या स्वच्छ हवेच्या कपाटात) बाहेरची आवरणं एकेक करून सोलायची. प्रत्येक थराला ब्लेड बदला किंवा पुन्हा निर्जंतुक करा. आतलं पांढरं टोक दिसलं की हात आवरा, घाईत तेच चिरलं जातं. (मर्क्युरिक क्लोराइड विषारी आहे. हातमोजे हवेतच, आणि उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका.)

एवढी काळजी घ्यायची कारण आलं बियांवर होत नाही, बेणं कंदाचंच. कंदकूज आणि मर हे रोग त्या बेण्याबरोबरच पुढच्या हंगामात शेतात शिरतात. बाटलीतलं रोप ही साखळी तोडतं.

हार्डनिंगमध्ये, म्हणजे बाटलीतल्या रोपाला बाहेरची सवय लावताना, मुळांना चिकटलेलं अगार (मीडिया घट्ट करणारा जेलीसारखा पदार्थ) कोमट पाण्यात पूर्ण सोडवा, राहिलं तर बुरशी धरते. मग कोकोपीट आणि पहिले काही दिवस भरपूर दमट हवा, हळूहळू कमी करत.

शेतकऱ्याला रोप देताना एक गोष्ट आधीच सांगा: पहिल्या हंगामात कंद बारीक येतात. ते विकायला काढू नयेत, पुढच्या लागवडीचं बेणं म्हणून राखावेत.