आट्यांतून पाणी झिरपतंय? लेप नको, सांधा उघडा

नळ जिथे पाइपात बसतो तिथून पाणी झिरपायला लागलं की बरेच जण बाहेरून लेप थापतात. तो फार टिकत नाही. पाणी आतमध्ये आट्यांच्या (पाइपाच्या टोकावरच्या स्क्रूसारख्या खाचांच्या) वळणांतून फिरत बाहेर येत असतं. ती आतली वाट बुजली नाही, तर दाबाखालचं पाणी लेपालाही सोडवतं. सांधा उघडून, साफ करून नव्याने टेफ्लॉन टेप (प्लंबर वापरतात ती पांढरी पातळ पट्टी) गुंडाळणं हाच खरा उपाय. (गॅसच्या पाइपला मात्र घरी हात लावू नका.)

आधी गळती नेमकी कुठली ते शोधा. पाणी पाइपावरून ओघळत दुसऱ्याच सांध्यावरून ठिबकतं, त्यामुळे फसगत होते. सगळं कोरडं पुसून प्रत्येक सांध्याला कोरडा टिश्यू पेपर गुंडाळा. सगळ्यात वरचा जो आधी भिजेल, तो आपला.

मुख्य व्हॉल्व्ह बंद करून सगळ्यात खालचा नळ उघडा, म्हणजे पाइपातलं पाणी निघून जाईल. गरम पाण्याची लाइन असेल तर गिझर बंद करून पाणी निवू द्या.

आता उघडायचं, पण दोन पाने घेऊन. एक पाना मागचा भाग घट्ट धरेल, दुसरा फिरवेल. एकाच पान्याने जोर लावला तर भिंतीतला निपल (दोन्ही टोकांना आटे असलेला पाइपाचा छोटा तुकडा) तुटतो किंवा मागचा चांगला सांधा ढिला होतो, आणि मग टाइल्स फोडायची वेळ येते. सांधा हलतच नसेल किंवा पाइप गंजून पोखरलेला असेल तर तिथेच थांबून प्लंबरला बोलवा.

उघडल्यावर जुनी टेप, सूत, वाळलेला सफेदा (सांध्याला लावतात ती पांढरी पेस्ट), सगळं तारेच्या ब्रशने आणि टोच्याने काढा. प्लास्टिकच्या आट्यांना मात्र तारेचा ब्रश नको, जुना टूथब्रश पुरे. आतल्या बाजूचे आटेही पुसा. मग उजेडात नीट बघा: आटे झिजलेत का, सॉकेटला (ज्यात आटे फिरवून बसवतात त्या भागाला) बारीक चीर आहे का. चीर असेल तर कितीही टेप लावा, उपयोग नाही; तो भाग बदला.

टेप गुंडाळण्यात बहुतेक चुका होतात, म्हणून इथे घाई नको. आटे असलेलं टोक आपल्यासमोर धरा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा. उलटी गुंडाळली तर सांधा आवळताना ती सुटून गोळा होते. टोकाचा पहिला आटा मोकळा ठेवा, नाहीतर टेपचे तुकडे पाण्यात जाऊन नळाची जाळी तुंबते. टेप ताणून धरा, आट्यांचा आकार वरून दिसला पाहिजे. नेहमीच्या पातळ टेपचे सहा ते आठ वेढे पुरतात.

हाताने फिरवत घट्ट बसवा, मग पान्याने साधारण एक ते दोन फेरे. नळाचं तोंड सरळ येईल तिथे थांबा, आणि थोडं पुढे गेलं तर मागे फिरवू नका. मागे फिरवलं की दाबलेली टेप सुटते. पुन्हा काढून नव्याने गुंडाळण्यावाचून इलाज नाही. सॉकेट प्लास्टिकचा असेल तर हात फार हलका ठेवा. आत शिरणारे आटे बऱ्याचदा निमुळते असतात, दर 16 मिमी लांबीला व्यास 1 मिमीने बदलतो, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला ते पाचरीसारखे रुततात आणि प्लास्टिक तडकतं.

नळाखालच्या लवचीक कनेक्शन पाइपचं वेगळं आहे. तिथे पाणी अडवतो तो नटाच्या आतला रबरी वॉशर, आटे नव्हेत. टेप लावू नका, वॉशर बदला.

मुख्य व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. सांध्याला पुन्हा कोरडा टिश्यू बांधा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहा. रात्रभर सगळे नळ बंद असताना पाइपातला दाब सहसा जास्त असतो, म्हणून दिवसा न दिसलेला थेंब तेव्हा सापडतो.