पावसाळ्यात ट्रेनरवरचे इंटरव्हल

जून ते सप्टेंबर फोंड्यातले आमचे रस्ते शेवाळ आणि खड्ड्यांच्या ताब्यात. पण पाऊस सरला की चोर्ला घाट चढायचाच असतो, म्हणून सायकल बाल्कनीत ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी पेडल मारता येणाऱ्या स्टँडवर, चढते.

आधी पंखा. टेबलफॅन थेट छातीवर हवा. आपल्या दमट हवेत घाम सुकतच नाही, अंग तापतं, आणि पाय थकण्याआधीच नाडी वर जाते. हँडलवर जुना पंचा टाका. घामातलं मीठ स्टेमचे, म्हणजे हँडल सायकलला जोडणाऱ्या तुकड्याचे, बोल्ट गंजवतं, तेही गुपचूप.

पंधरा मिनिटं हलकं पेडल मारा, शेवटी दोनतीन छोटे झटके. मग चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं अगदी सैल. असं चार वेळा. हेच इंटरव्हल. जोर किती? दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये, पण चौथा सेट पहिल्याइतकाच निघाला पाहिजे. पहिल्यातच जीव काढणारे तिसऱ्यात मान टाकतात. पायांचा जोर वॅटमध्ये मोजणारा पॉवर मीटर असेल तर एफटीपीच्या, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल अशा कमाल जोराच्या, १०६ ते ११५ टक्के धरा. केडन्स, म्हणजे मिनिटाला पेडलचे फेरे, नव्वदच्या आसपास. नाडीवर विसंबू नका, ती मिनिटभर मागेच असते.

शेवटी दहा मिनिटं सावकाश.

आठवड्याला दोनदा पुरे, मध्ये किमान दोन दिवस सोडून. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथेच थांबा. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. व्यायाम संपला की मी मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज पितो. महागड्या पावडरी ज्याला हव्या त्याने घ्याव्यात.