समुद्री प्राण्यांच्या रेस्क्यूला व्हॉलंटियर म्हणून जाताय? खान्देशी मंडळींनो, या चुका टाळा

जळगावात ४५ डिग्रीत सगळे कूलरसमोर पडलेले असतात आणि मी स्टेटसला टबातल्या कासवाचा फोटो टाकतो, मग मेसेज ठरलेला, "कारे भो, समुद्र कुठे अन् आपण कुठे." खरं सांगू का, एवढा काही लांब नाय. भुसावळ-सुरत लाईनची गाडी पकडा, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करत सुरत, तिथून गाडी बदलून मुंबईकडे निघालं की डहाणू रोड. आपली तापी पण जवळपास याच वाटेने जाते आणि सुरतच्या पुढे समुद्राला मिळते. डहाणूला जखमी समुद्री कासवांचं उपचार केंद्र आहे. कोकणात रत्नागिरीपर्यंत गावोगावी कासवांची अंडी जपणारे लोक आहेत. त्यामुळे आपल्याकडची पोरं जायला लागलीत, चांगलंच आहे, पण जाऊन जे उद्योग करतात ते बघून हे लिहावंसं वाटलं. त्यातला निम्मा उद्योग मी स्वतः केलेला आहे.

उचललं आणि पाण्यात सोडलं

ही चूक माझी. तेव्हा मी व्हॉलंटियर वगैरे काही नव्हतो, जुलैत फॅमिली ट्रिपला गेलेलो, पालघरकडचा एक किनारा, बारीक पाऊस, ओहोटी. वाळूत कासव पडलेलं. पाठीवर पांढरे टणक बार्नेकल (कवचवाले बारीक समुद्री जीव) चिकटलेले, पुढच्या उजव्या फ्लिपरला, म्हणजे वल्ह्यासारख्या पायाला, निळ्या नायलॉन जाळ्याचा तुकडा करकचून बसलेला, आणि डोळ्यातून चिकट पाणी. पोरं म्हणे कासव रडतंय. साडूभाऊ म्हणे, "अरे पाण्यावाचून मरतंय ते, धरा." चौघांनी धरलं, चाळीसेक किलो तरी असेल, कंबरभर पाण्यात नेऊन सोडलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, साडूभाऊंनी व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकून पण झाला. आम्ही भजी सांगितली. भजी यायच्या आत लाटेने कासव परत आणून टाकलेलं, आमच्यापासून शंभरेक पावलांवर, आणि या वेळी उताणं.

साडूभाऊ परत बाह्या सरसावायला लागले तर बाजूला जाळं शिवत बसलेले एक काका म्हणाले, "नका सोडू आता. त्याला बुडी मारता येत नाय, म्हणून तर आलंय ते."

एवढ्या एका वाक्यात सगळं आलं. कासवाला फुप्फुसं असतात, माशासारखे कल्ले नसतात, त्यामुळे वाळूवर ते "पाण्यावाचून" मरत नाही. उलट समुद्री कासव कारण नसताना जमिनीवर येतच नाही. अंडी घालायला मादी येते, ती बहुतेक रात्री, काम झालं की आपली आपण निघून जाते, तिच्या वाटेत उभं राहायचं नाही एवढंच आपलं काम. पण पावसाळ्यात भरदिवसा किनाऱ्यावर लोळत पडलेलं कासव म्हणजे आजारी किंवा जखमी हे धरूनच चालायचं. फुप्फुसात इन्फेक्शन किंवा पोटात गॅस झाला की ते एका बाजूला कलून तरंगत राहतं, बुडी जमत नाही म्हणून खायला मिळत नाही, अशक्त होतं, आणि पावसाळी वारा त्याला ढकलत किनाऱ्याला आणतो. जून ते सप्टेंबर आपल्या किनारपट्टीवर अशा केसेस जास्त येतात त्या यामुळेच. तेच कासव तुम्ही परत समुद्रात लोटलं म्हणजे दवाखान्याच्या दारात आलेला पेशंट उचलून परत हायवेवर ठेवला.

आणि ते रडणं. ते रडणं नसतं. कासव समुद्राचं खारं पाणी पोटात घेतं आणि जादाचं मीठ डोळ्याजवळच्या ग्रंथीतून बाहेर टाकतं. पोरांना सांगून ठेवा, नायतर ट्रिपभर रडारड.

मग करायचं काय? उताणं असेल तर दोन्ही बाजूंनी कवच धरून हळूच सरळ करा, फ्लिपर धरून ओढू नका. सावली करा, ओला कपडा पाठीवर टाका, नाकावर नाही. कुत्री आणि माणसं लांब ठेवा, यात माणसं जास्त अवघड. वनविभागाचा १९२६ नंबर लावा, जागा नीट सांगा, फोटो फ्लॅश न मारता काढा. आमच्या साडूभाऊंना कुत्री हाकलायला बसवलं होतं, दोन तास बसले, ते काम त्यांनी खरंच चांगलं केलं.

जाळं कापायची पण घाई नको. लोंबणारा जास्तीचा दोर कापला तर कापला, ओझं कमी होतं, पण मांसात रुतलेला भाग डॉक्टरकडेच निघू द्या. तोंडातून मासेमारीची लाईन बाहेर आलेली दिसली तर ती तर बिलकुल ओढायची नाही, दुसरं टोक गळासकट आतड्यापर्यंत गेलेलं असू शकतं. बार्नेकल स्क्रू ड्रायव्हरने खरवडणारे महाभाग पण पाहिलेत. कवच म्हणजे दगड नाही भो, जिवंत हाड असतं त्याच्याखाली.

आपली केळी आपल्यालाच लखलाभ

पहिल्यांदा ड्युटीला गेलो तेव्हा घरून रावेरच्या केळीचा अख्खा घड नेला होता, सगळ्यांना वाटायला, आणि मनात होतं की कासवांना पण देऊ. तिथल्या ताईंनी घड किचनमधे ठेवून घेतला आणि मला खेकडे अन् मासे कापायला बसवलं. आपल्याकडे पेशंट येतात ती ऑलिव्ह रिडले बहुतेक करून, तिचं खाणं खेकडे, कोळंबी, जेलीफिश. ग्रीन टर्टल मोठं झाल्यावर समुद्री गवत आणि शेवाळ खातं. पण कोणाला काय आणि कधी द्यायचं हे डॉक्टर ठरवणार, खूप अशक्त कासवाला आधी सलाईन, खाणं नंतर. किनाऱ्यावर सापडलेल्याला तर काहीच द्यायचं नाही, बिस्किट नाही, पोळी नाही, प्यायला बिसलेरी पण नाही.

अशीच दुसरी एक गडबड म्हणजे कीव येऊन अशक्त कासवाला काठोकाठ भरलेल्या टाकीत सोडणं. मान वर काढायची ताकद नसेल तर कासव बुडून मरतं. हो, समुद्री कासव, पाण्यात बुडून. म्हणून नवीन पेशंटला आधी कोरडं, ओल्या कपड्याखाली ठेवतात आणि मग जरा जरा पाणी.

डॉल्फिनच्या डोक्यावर बादली ओतणारे

डॉल्फिन डोक्यावरच्या भोकातून श्वास घेतो. लोक त्याला ओलं ठेवायच्या नादात बादली नेमकी तिथेच उपडी करतात, म्हणजे झोपलेल्या माणसाच्या नाकात पाणी ओतल्यासारखं. ओली चादर टाका, भोक उघडं ठेवा, शेपटी धरून ओढू नका, बाजूच्या परांखाली वाळूत थोडा खड्डा केला की परांवर भार येत नाही. आरडाओरडा कमी. बाकी डॉक्टर येईपर्यंत बादल्या आणायच्या.

व्हेल असेल तर लांबच थांबा, शेपटीच्या एका फटक्यात माणूस जाईल. २०२३ च्या नोव्हेंबरमधे गणपतीपुळ्याला व्हेलचं पिल्लू किनाऱ्यावर आलं होतं, एवढी यंत्रणा आणि गावकरी लागले, आत नेलं तरी शेवटी वाचलं नाही. व्हॉलंटियर व्हायचं तर हे पण पचवावं लागतं. मेलेल्या व्हेलवर चढून सेल्फी नको, आत गॅस भरून ते फुटू शकतं. आणि "व्हेलची उलटी सापडली तर किती कोटी?" हे मला विचारणारे कमीत कमी दहा जण आहेत, त्यातले दोन नात्यातले. त्याचा आपल्याकडे व्यवहारच बेकायदा आहे. वन्यजीव कायद्यात सरळ केस होते, कोटी राहिले बाजूला वकिलाची फी भरा.

सर्पमित्रांनो, तुम्हाला हात जोडून

आपल्याकडे गावागणिक सर्पमित्र आहेत, त्यांच्या कामाबद्दल मला आदरच आहे, पण समुद्रावर गेल्यावर हाच आत्मविश्वास नडतो. पावसाळ्यात समुद्री साप किनाऱ्यावर फेकले जातात, वाळूवर त्यांना नीट सरकता येत नाही, मेल्यासारखे पडून असतात, आणि आपला भाऊ शेपटीला धरून उचलतो. शेपूट वल्ह्यासारखी चपटी दिसली की तिथेच थांबा. विष जहाल, चावलेलं सुरुवातीला दुखत पण नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपल्या सरकारी दवाखान्यात मिळणारी एएसव्ही, म्हणजे सर्पदंशावरची लस, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनलेली असते, समुद्री साप त्यात नाहीत. इथे हिरोगिरीला बॅकअप नाही.

कासव महोत्सवाला जाणाऱ्यांसाठी थोडक्यात

वेळासला किंवा आसपासच्या गावांत पिल्लं बघायला लोक मार्चच्या आसपास जातात. एका घरट्यात शंभर-सव्वाशे अंडी, पिल्लं यायला साधारण ४५ ते ६० दिवस, त्यात वाळूच्या तापमानावर नर की मादी ठरतं. हे काही सिनेमाचं तिकीट नाही, एखाद्या दिवशी एकही पिल्लू निघत नाही. आमच्या ग्रुपमधल्या एका काकूंनी गावातल्या पोराला झापलं होतं, आम्ही धुळ्याहून रात्रभर गाडीत बसून आलो, आता दाखवा पिल्लू. त्याने बिचाऱ्याने चहा पाजला. टॉर्च मारू नका, दोरीच्या पुढे जाऊ नका, आणि हळूहळू जातंय म्हणून पिल्लू उचलून पाण्यात ठेवू नका, वाळूवरचं ते चालणं त्याच्या गरजेचं असतं.

अजून एक, कोळी बांधवांना भाषण द्यायला जाऊ नका. जाळ्यात कासव आलं तर जाळं कापून सोडायचं म्हणजे त्यांचं नुकसान. २०१८ च्या शेवटी सरकारने त्यासाठी २५ हजारांपर्यंत भरपाईची योजना आणली, तीही फोटो आणि कागदपत्रं नीट असली तरच हातात पडते. फॉर्म भरायला, फोटो अपलोड करायला मदत करा, त्याचं मोल भाषणापेक्षा जास्त. बाकी व्हॉलंटियरचं खरं काम म्हणजे टब घासणं, मासे कापणं, फडके धुणं, वजनाची नोंद लिहिणं. कासवासोबत फोटो बहुतेक ठिकाणी काढूच देत नाहीत. ज्याला हे चालणार नाही त्याने तिकीट काढूच नये, सरळ बोलतो. आणि अंगाला येणारा माशाचा वास दोन अंघोळींनी जात नाही, परतीच्या गाडीत जनरलमधे आपोआप जागा होते.

आणि ज्यांना जाणं जमत नाही

मागच्या पावसाळ्यात यावलकडून एकाचा फोन, "दादा, केळीच्या बागेत कासव सापडलं, बादलीत ठेवलंय, तुम्ही डहाणूला जाल तेव्हा समुद्रात सोडून द्या ना." म्हटलं आधी पाय बघ. नखं आहेत का सपाट वल्ही? म्हणे नखं आहेत, पाठ गुळगुळीत आहे, हात लावला की सगळं आत ओढून घेतं. झालं, हे आपलं गोड्या पाण्यातलं, समुद्री कासवाला असं आत जाताच येत नाही. याला समुद्रात सोडलं तर मेलंच. हे पण कायद्याने संरक्षित आहे, घरी ठेवणं गुन्हा. वनविभागाला कळवायला लावलं, त्यांच्या माणसाने जवळच्याच पाटाच्या कडेला ओलीत सोडून दिलं.

उलटं पण होतं. दुकानातून आणलेलं डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं पिल्लू वाढून ताटाएवढं झालं, टाकीचा वास यायला लागला, की मग रात्री गुपचूप मेहरूण तलावात नायतर तापीत. ते अमेरिकेकडचं कासव आहे, आपल्या कासवांचं खाणं आणि जागा बळकावतं. नको असेल तर ज्याने विकलं त्याच्या दारात नेऊन ठेवा, प्राणीमित्र संस्थेला विचारा, पण पाण्यात नाही.

यावलवाल्याचा नंतर परत फोन आला होता. आता ऑगस्टमधे येतो म्हणतोय सोबत. त्याला म्हटलं ये, पण बादली तिकडेच ठेव, तिथे भरपूर आहेत.