सरपणासाठी चेनसॉ घ्यायचाय? आधी बांधावरचं लाकूड बघा, मग मशीन

हरभरा निघाला, गहू काढणीला आलाय, पऱ्हाटी उपटून बांधाला लागली, म्हणजे आता आपल्याकडे सरपणाचे दिवस आले. फाल्गुन-चैत्रात कापलेलं लाकूड फोडून उन्हात टाकलं तर जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात ते मिरगाच्या आत चांगलं खडखडीत वाळतं आणि पावसाळाभर बंबाला, चुलीला पुरतं. मे महिन्याच्या शेवटी कापलेलं वाळत नाही, पहिल्या पावसात भिजतं आणि मग घरातल्या बायांना चार महिने धुरात डोळे चोळत बसावं लागतं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) खापरावरच्या पोळ्या करायच्या तर जाळ एकसारखा लागतो, ओल्या लाकडावर ते होत नाही हे वेगळं सांगायला नको. म्हणून मशीन घ्यायचंच असेल तर हे दोन महिने बरोबर आहेत, पण घेताना बहुतेकजण जिथून सुरुवात करतात तिथूनच गडबड होते. दुकानात जाऊन पहिला प्रश्न "किती सीसीचं आहे भाऊ?" असा विचारतात. पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा, आणि तो म्हणजे मला कापायचंय काय, किती जाड, आणि वर्षाला किती.

आपल्या भागातलं सरपण म्हणजे मुख्य बाभूळ. त्यात वेडी बाभूळ वेगळी, नाल्याकाठी गिरणा-तापीच्या बाजूला माजलेली असते, तिच्या फांद्या मनगटापासून मांडीएवढ्या, पण एका बुडातून दहा निघालेल्या आणि काटे भरपूर. मग कडुनिंब, सुबाभूळ, बोर, कुठे नीलगिरी. यातलं नव्वद टक्के लाकूड आठ-नऊ इंचाच्या आत असतं. त्याला १४ इंची, फार तर १६ इंची बार (ज्या पट्टीवर चेन फिरते ती) पुरतो. बार लाकडापेक्षा दोन इंच मोठा असला की एका कापात काम होतं, आणि एखादं बूड जाड निघालंच तर दोन्ही बाजूंनी कापून १६ इंचीवर सुद्धा दोन फुटांच्या आसपासचं खोड निघतं, फक्त घाई करायची नाही. वेड्या बाभळीच्या जाळीत तर मोठा बार धोक्याचाच, कारण टोक कुठल्या मागच्या फांदीला लागतंय ते दिसत नाही आणि टोक लागलं की मशीन उसळून तोंडाकडे येतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. घरच्या सरपणाला ३० ते ४५ सीसीचं पेट्रोल मशीन आणि १४-१६ इंची बार, बस. गावोगाव जे ५८ सीसी, २२ इंची बारवालं मशीन दिसतं ते घरच्या कामाला जड पडतं. नुसतं इंजिनच पाच-साडेपाच किलोचं, वर बार, चेन, तेल, पेट्रोल धरलं की सात किलोकडे जातं, आणि वाकून अर्धा तास कापलं की कंबर बोलायला लागते, थकलेल्या हाताने मशीन धरणं हीच खरी जोखीम. आणि हो, खोक्यावर ५८ छापलेलं असतं पण त्यातल्या बऱ्याच मशीनच्या मॅन्युअलमधला बोअर आणि स्ट्रोक (सिलिंडरची रुंदी आणि पिस्टनची चाल) घेऊन हिशोब केला तर ५४-५५च्या आसपासच येतो. तेव्हा आकड्यावर भाळू नका. ज्यांचं वीटभट्टीला लाकूड जातं किंवा जुनी चिंच-निंबाची खोडं कापायचा धंदा आहे त्यांनी मोठं घ्यावं, त्यांचं गणित वेगळं. आणि ज्यांना वर्षाला एखादी ट्रॉलीच सरपण लागतं आणि बाकी काम पऱ्हाटी-तुराट्यांवर भागतं त्यांनी मशीन घेऊच नये, मशीनवाला दिवसाच्या रोजाने बोलवावा, ते स्वस्त पडतं.

लाईटवरचं मशीन चांगलं असतं, हे बरेचजण मनावर घेत नाहीत. सरपण घरी खळ्यात आणून तुकडे करायचे असतील तर दीड-दोन हजार वॅटचं इलेक्ट्रिक मशीन पेट्रोलपेक्षा सोपं, मिक्स तेलाची भानगड नाही, धूर नाही, बटन दाबलं की चालू, किंमतही कमी. अडचण दोन. एक म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं, तेव्हा जोर लावून कापलं तर मोटर तापून जळते, सकाळीच कापा. दुसरी वायर. घरातली पातळ एक्स्टेन्शन जोडली तर वायर गरम होते आणि मशीनला पॉवर पोचत नाही, २५-३० मीटर लांब न्यायचं असेल तर २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि अर्थिंग हवंच. वायर कायम पाठीमागून खांद्याच्या बाजूने, चेनच्या पुढे कधीच नाही. वावरात जिथे लाईट नाही तिथे अर्थातच पेट्रोल. बॅटरीवरचे ते छोटे चार-सहा इंची मिनी चेनसॉ लिंबू, डाळिंब, बोरीच्या छाटणीला छान आहेत, सरपणाला नाहीत. आणि ग्राइंडरला लावायचं चेनसॉचं जे अटॅचमेंट ऑनलाइन स्वस्तात मिळतं ते कृपा करून घेऊ नका. त्याला चेन झटक्यात थांबवणारा चेन ब्रेक नाही, ग्राइंडर चेनसॉसारखा धरायला बनलेलाच नाही, बोटं जातात.

आता स्वस्त का ब्रँडेड. स्टिल, हस्क्वार्ना अशा कंपन्यांचं छोटं मशीन बिननावाच्या मशीनच्या तीन-चार पट किमतीला जातं हे खरं. पण मी किमतीच्या आधी हे बघीन की अमळनेर, चोपडा, शिरपूर, शहादा, चाळीसगाव, तुमचा जो बाजार असेल तिथे त्या मशीनचा स्टार्टरचा दोर, कार्बोरेटरचं डायफ्रॅम, क्लच, ऑइल पंप आणि चेन मिळते का. मिळत असेल आणि दुरुस्तीवाला माहितीचा असेल तर साधं मशीनही पाच-सहा वर्षं चालेल, मिळत नसेल तर महागडं मशीनही दोरी तुटली की माळ्यावर जाऊन पडतं. ऑनलाइन घेताना हाच मुद्दा लोक विसरतात, दोन-तीन हजार वाचतात पण पुढे पार्टसाठी इंदूर-नाशिकचे हेलपाटे होतात. महाडीबीटीवर (सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर) यंत्रांची यादी एकदा बघून घ्या, त्यात बसत असेल तर आधी अर्ज, मग पूर्वसंमती, मग खरेदी, हा क्रम उलटा केला तर अनुदान मिळत नाही.

दुकानात मशीन चालू करून मागा, बंद खोक्यात घरी आणू नका. हळू रेसवर चेन फिरायला नको, फिरत असेल तर आयडल सेटिंग चुकीचं आहे किंवा क्लच चिकटतोय. पुढचा हँडगार्ड पुढे ढकलला की चेन जागच्या जागी थांबली पाहिजे, तोच चेन ब्रेक, तो नसलेलं मशीन फुकट दिलं तरी घेऊ नका. बारचं टोक पुठ्ठ्यावर वितभर अंतरावर धरून रेस द्या, पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली तर ऑइल पंप चालतोय. हँडल आणि इंजिनच्या मध्ये रबर किंवा स्प्रिंग आहेत का बघा, नसतील तर अर्ध्या तासात हाताला मुंग्या येतात.

पेट्रोलचं सांगायचं तर हे टू-स्ट्रोक इंजिन आहे, इंजिन ऑइल वेगळं भरायची जागाच नाही, जे काय वंगण जातं ते पेट्रोलमधून. मॅन्युअलमध्ये १:५० लिहिलं असेल तर लिटरला २० मिली टू-टी ऑइल, १:४० असेल तर २५, १:२५ असेल तर ४० मिली. अंदाजपंचे बाटलीच्या बुचाने मोजू नका, मेडिकलमधून मिलीची सिरिंज आणा. ऑइल कमी पडलं की पिस्टन सीज होतो आणि मग मशीनच्या निम्म्या किमतीचा खर्च बसतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि पडून राहिलं तर कार्बोरेटरची रबरं कडक होतात, म्हणून तुमच्या मशीनला किती इथेनॉल चालतं हे घेतानाच विचारा, आठवड्याच्या कामापुरतंच मिक्स करा, आणि डबा उन्हात ठेवू नका.

चेनचं तेल वेगळं, त्याची टाकी वेगळी. ट्रॅक्टरचं काढलेलं काळं तेल टाकायची सवय आपल्याकडे फार आहे. त्यात धातूची बारीक भुकटी असते, ती पंप आणि बार दोन्ही खाते, शिवाय ते अंगावर उडतं, त्वचेला वाईट. बार ऑइल नाही मिळालं तर निदान नवीन इंजिन ऑइल वापरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, धार. मशीनबद्दलच्या तक्रारी बहुतेक वेळा चेनच्या धारेच्या असतात. भुसा बघा. चिप्स पडत असतील तर धार आहे, पिठासारखा भुसा पडायला लागला आणि जोर लावावा लागतोय म्हणजे धार गेली, तिथेच थांबा, दाबून कापलं तर बार तापतो, क्लच जळतो. वाळलेली बाभूळ लोखंडासारखी असते, ओली असताना कापली तर चेन जास्त काम देते, म्हणून तोडलं की लगेच तुकडे करा आणि मग वाळवा. बांधावरच्या झाडात तारेच्या कुंपणाचे खिळे आणि तार आत मुरलेली असते, बुडाकडचं कापायच्या आधी कुऱ्हाडीने साल काढून बघाच. पुरात वाहून आलेल्या लाकडात वाळू भरलेली असते, ते धुऊन घ्या. लाकूड जमिनीवर ठेवून कापू नका, एका कापात चेन मातीला टेकली की दिवसभराची धार गेली, लाकडाची घोडी करून घ्या, दोन फुल्या आणि एक आडवं, गावातला सुतार करून देतो. आणि केळीवाल्या रावेर-यावलच्या मंडळींनो, बाग काढताना केळीचे खांब चेनसॉने कापू नका, धागे स्प्रॉकेटमध्ये गुंडाळतात, त्याला विळा-कोयताच बरा.

धार लावायला गोल कानस लागते, आणि कानस चेनच्या पिचप्रमाणे (कड्यांमधल्या अंतराप्रमाणे) असते. छोट्या मशीनच्या ३/८ लो प्रोफाइल चेनला ४ मिमी, .३२५ चेनला ४.८ मिमी. प्रत्येक दाताला साधारण ३० अंशात, आतून बाहेर, पुढे जातानाच जोर द्यायचा, मागे ओढताना उचलायची, सगळ्या दातांना सारखे फटके, नाहीतर काप तिरपा जातो. पेट्रोलची टाकी संपली की दोन-तीन फटके मारून घ्यायची सवय लावली तर धारेवाल्याकडे जायची वेळ फार कमी येते. दाताच्या पुढचा तो छोटा उंचवटा असतो ना, तोही चार-पाच धारांनंतर चपट्या कानशीने थोडा उतरवावा लागतो, पण जास्त उतरवला तर मशीन झटके देतं, त्याची मोजपट्टी (गेज) घेऊनच करा. चेन नवीन असताना सैल होते, पहिल्या दिवशी दोन-तीनदा ताणावी लागते, बारच्या खाली लोंबायला नको आणि हाताने (हातमोजा घालून, मशीन बंद) सरकली पाहिजे, एवढंच माप.

अंगावर काय घालायचं याच्यावर लोक खर्च करत नाहीत आणि हेच मला सगळ्यात खटकतं. हेल्मेट, तोंडाची जाळी, कानाचे मफ्स, बूट आणि हातमोजे मशीनबरोबरच घ्या, बजेट कमी असेल तर एक पायरी खालचं मशीन घ्या पण हे घ्या. मशीनचा आवाज कापणाऱ्याच्या कानाशी १०० डेसिबलच्या वर जातो. गळ्यात रुमाल, उपरणं, धोतराचा सोगा, चप्पल, यातलं काही नको. मशीन जमिनीवर ठेवून, मागच्या हँडलमध्ये पाय दाबून, ब्रेक लावूनच सुरू करा, हातात झुलवत दोरी ओढू नका. खांद्याच्या वर कापू नका, शिडीवर चढून कापू नका, एका हाताने तर कधीच नाही. एकटे वावरात जाऊ नका. एप्रिल-मे मध्ये तर सकाळी नऊपर्यंतच काम करा, दुपारी ४४-४५ डिग्रीत डोकं चालत नाही आणि चूक होते. गरम मशीन पऱ्हाटीच्या ढिगावर किंवा वाळल्या गवतावर ठेवू नका, सायलेन्सरने पेट घेतो, पेट्रोल भरताना इंजिन थंड होऊ द्या आणि विडी लांब ठेवा.

झाड स्वतःच्या वावरात आहे म्हणून काहीही तोडता येतं असं नाही. १९६४च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, चिंच, आंबा, जांभूळ, मोह, खैर, चंदन आणि आपल्याकडचं अंजन सुद्धा आहे, यांना परवानगी लागते. नगरपालिका हद्दीत घर असेल तर १९७५चा वेगळा कायदा लागतो, तिथे आधी पालिकेत अर्ज. ट्रॉली भरून दुसऱ्या गावाला न्यायची असेल तर वनविभागाच्या ऑफिसात पासचं विचारून घ्या, रस्त्यात अडवल्यावर विचारून उपयोग नाही.

मिरगाच्या आधी काम आटोपलं की टाकी रिकामी करा, मग मशीन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या म्हणजे कार्बोरेटरमध्ये काही उरत नाही. चेन काढून रॉकेल किंवा डिझेलमध्ये धुवा, बारच्या खाचेतला भुसा काढा, बार उलटा करून बसवा म्हणजे दोन्ही बाजू सारख्या झिजतात, एअर फिल्टर साफ करा, सगळ्याला तेलाचा हात फिरवून पोत्यात गुंडाळून उंच ठेवा. बारवर जे पिच, गेज (खाचेची रुंदी) आणि ड्राइव्ह लिंकचे (खाचेत बसणाऱ्या कड्यांचे) आकडे कोरलेले असतात त्याचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा, पुढच्या वर्षी चेन आणायला गेल्यावर दुकानदार तेच विचारतो, आणि नुसतं "१६ इंचीची द्या" म्हटलं तर दोनदा चक्कर होते.